एक मजकूर, दोन रूपे

शिक्षक मंडळींना हा अनुभव नवा नाही. धड्याची टिपणे छापायची, आणि तोच धडा पडद्यावर दाखवायचा म्हणून पुन्हा निराळा लिहायचा. मग एखादे साल टिपणात दुरुस्त होते, स्लाइडवर तसेच चुकीचे राहते. मुलांनी कोणते खरे मानायचे?

१९६९ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीतले गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी हे तिघे वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रांच्या कामात होते. मजकूर दुरुस्त करणारा, शोधणारा आणि छापणारा असे तीन निरनिराळे संगणक-कार्यक्रम, अन् त्यांचं एकमेकांशी मुळीच जमेना. तेव्हा तिघांनी तोड काढली. ओळ केवढ्या टायपात छापायची ते मजकुरात लिहायचंच नाही. ती मथळा आहे की परिच्छेद, एवढीच खूण करायची. पेहराव ज्याचा त्याने चढवावा! माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

पुढे १९७७ साली प्राध्यापक डोनाल्ड नुथ यांना आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी कुरूप वाटली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा ‘टेक’ हा कार्यक्रम रचायला घेतला. (प्रकाशकाला हे कितपत रुचले असेल?) लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर ‘लाटेक’ उभारले, त्यातही खुणांचीच रीत. स्लाइडांसाठी मात्र ‘स्लीटेक’ हा वेगळा कार्यक्रम होता.

फेब्रुवारी २००३ मध्ये टिल टांटाऊ या जर्मन संशोधकाने आपल्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेसाठी ‘बीमर’ तयार केले. जर्मन बोलीत प्रक्षेपकाला बीमर म्हणतात. यात स्लाइडचा मजकूर चौकटीत लिहायचा. समजा, चौकटीत ‘राज्याभिषेक, रायगड, ६ जून १६७४’ एवढंच आहे आणि चौकटीबाहेर गागाभट्टांची हकीकत दहा ओळी. तशी सूचना दिली, की पडद्यावर फक्त चौकट दिसते. फाइलीच्या आरंभीच्या एक-दोन ओळी बदलल्या, की त्याच फाइलीतून चौकट आणि हकीकत मिळून सलग छापील टिपण निघते. तारीख एकदाच लिहिलेली, म्हणून एकदाच सुधारायची. अख्खे परिच्छेद पडद्यावर चढवून ते वाचून दाखवणारे वक्ते आहेत, त्यांच्यावर मात्र याचा इलाज नाही.

२००४ साली जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आले, तेव्हापासून अशा फाइलीत आपली देवनागरीही सरळ टंकित करता येते.