गुर्लहोसूरचे अण्णासाहेब

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी 'संगीत सौभद्र'मधले एक पद बसवणे चालले होते. पेटीवर आमचे संगीत शिक्षक. त्यांच्या घरची भाषा कानडी, पण मराठी माझ्याहून स्वच्छ. तालमीत ते सहज म्हणाले, "सर, ही चाल आमच्या अज्जीच्या तोंडी असायची. शब्द तेवढे कानडी." तिथे बसलेले एक पालक उसळले, "म्हणजे अण्णासाहेबांनी चाल चोरली म्हणता?" शब्दाने शब्द वाढला. मी मुख्याध्यापक, इतिहासाचा एम.ए., आणि गप्प बसलो. शेवटी ते पदच कार्यक्रमातून गाळले. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून हे लिहीत आहे.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, ३१ मार्च १८४३ रोजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूर येथे जन्मले. (नांगराचे कारखानदार लक्ष्मणरावही याच घराण्यातले आणि याच गावचे.) घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. अण्णासाहेबांचे शिक्षण धारवाड, कोल्हापूर, पुणे असे गावोगाव झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, पुढे रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनी केली.

त्यांच्या जन्मसालातही एक गंमत आहे. उत्तर कानडातील कर्कीची भागवत मंडळी सांगलीस आली, तिचे खेळ पाहून संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करा म्हणून सांगितले, आणि १८४३ सालीच 'सीतास्वयंवर' झाले. मराठी रंगभूमीची पहिली ठिणगी कानडी मुलखातून आली, ती अशी. पुढे गदगच्या शांतकवींनी कानडी नाटक मंडळी काढली, तेव्हा त्यांच्यासमोर मराठी नाटकांचा बोलबाला होता. देवघेव दोन्हीकडून चालली होती.

भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर असे. पात्रे आली की तो गाई. पुण्यात 'इंद्रसभा' हे पारशी मंडळींचे नाटक पाहिल्यावर अण्णासाहेबांनी कालिदासाचे 'शाकुंतल' मराठीत आणायला घेतले, आणि गाणे पात्रांच्या तोंडी दिले. दुष्यंताचे मन दुष्यंतच गाऊ लागला. पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्याच दिवसांत झाला.

'शाकुंतला'त पदे दोनशेच्या आसपास. खरे सांगायचे तर मला ती जरा जास्तच वाटतात. 'सौभद्र' (पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२) मात्र वेगळेच. कृष्णाचे कारस्थान, बलरामाचा संताप, सुभद्रेचे रुसणे, सारे एखाद्या मराठी वाड्यातले वाटावे असे. आणि पदे बोलण्यातून सहज उगवलेली. मोरोबा वाघोलीकर अर्जुन होत, बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होत.

आता चालींचे. जुन्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याची ओळ दिलेली असते. लपवाछपवी नाहीच. अण्णासाहेबांनी कीर्तनातली साकी आणि दिंडी घेतली, लावणी घेतली, हिंदुस्थानी रागदारी घेतली आणि कर्नाटकी चालीही घेतल्या. चोरी म्हणणाऱ्याला मी आज एवढेच विचारीन की चाल सापडल्यावर ती कोणत्या प्रसंगाला, कोणाच्या तोंडी शोभेल आणि तिच्या खटक्यांवर मराठी अक्षरे कशी बसतील, हे कोणी ठरवले? रचनाकार तिथे दिसतो. आणि संगीत शिक्षकांना चूक ठरवायचेही कारण नव्हते. गुर्लहोसुरात वाढलेल्या मुलाच्या कानावर कानडी गाणे पडणार नाही तर काय?

'रामराज्यवियोग' अर्धेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब गुर्लहोसूर येथेच वारले.

आमचे संगीत शिक्षक गेल्या वर्षी निवृत्त झाले. परवा बाजारात भेटले, तेव्हा मी अज्जीच्या त्या गाण्याचे शब्द विचारले. पहिले कडवे त्यांना पाठ आहे, दुसरे त्यांच्या थोरल्या बहिणीला येते. भाऊबीजेला ती येणार आहे. "वही घेऊन या, सर," म्हणाले.