प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र, आकुर्डी

भारतीय प्राणी सर्वेक्षण (स्थापना १९१६, मुख्यालय कोलकाता) या केंद्र सरकारच्या संस्थेची पश्चिम भारतातील शाखा. पुण्यात १९५९ साली सुरू झाली. आता पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डी येथे आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही तिच्या कार्यक्षेत्रातील राज्ये. कारखान्यांच्या गावात साप-मासे बरण्यांत जपणारी ही संस्था आहे, हे अनेक पिंपरीकरांनाही ठाऊक नसते.

केंद्राकडे वनरक्षक नाहीत, जप्तीचा अधिकार नाही. त्याचे काम नाव सांगण्याचे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) नावावरच सगळे अडते. संरक्षित प्राणी कायद्याच्या अनुसूचींत नावानिशी दिलेले आहेत. पकडलेली वस्तू कोणत्या प्राण्याची हे ठरेपर्यंत खटला उभा राहत नाही. वनखाते, सीमाशुल्क आणि पोलीस यांना अशी ओळख पटवून देणे ही प्राणी सर्वेक्षणाची जुनी सेवा आहे. मुद्देमालात अख्खा प्राणी क्वचितच असतो. कातड्याचा तुकडा, नख, खवल्या मांजराचे खवले, नाहीतर नुसते केस. रंगाचा ब्रश मुंगसाच्या केसांचा आहे का, हे केसावरील सूक्ष्म खवल्यांची ठेवण आणि आतला गाभा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळते. पूजासाहित्यात ‘हाथाजोडी’ नावाने मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू म्हणजे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय. तिची प्लास्टिकची नक्कलही खपते. ती निघाली तर वन्यजीव गुन्हा मागे पडतो आणि ग्राहकाची फसवणूक तेवढी उरते.

जिवंत जनावर समोर असले की तज्ज्ञ निराळे लागतात. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेन्झ कारखान्यात बिबट्या शिरला, तेव्हा वनखात्याच्या मदतीला जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य आले आणि त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले. बिबट्याचे नाव कुणाला विचारावे लागले नाही.

संस्थेचे दुसरे काम प्राणिसूचींचे. उजनी जलाशय (२००२), भीमाशंकर अभयारण्य (२००९) आणि संपूर्ण महाराष्ट्र (२०१२) यांवरील तिचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. यांतला उजनीचा या औद्योगिक पट्ट्याला सर्वांत जवळचा: पवना मुळेला मिळून आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाऊन, दोन्हींचे पाणी, कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यासह, अखेर तिथेच पोचते.

अशा सूचींचा उपयोग तुलनेसाठी होतो: नदीतला मासा नाहीसा झाला असे म्हणायचे तर तो कधीकाळी होता याची नोंद हवी. पुण्याच्या बाबतीत ती नशिबाने फार जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने केली; १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी दिली. साइक्स यांनी माशांची देशी नावे शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. ‘टॉर खुद्री’ या महसीरचे वर्णन त्यांनी केले ते पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून.