प्रेमचंदांचे खुतूत : कादंबरीकाराची पत्रं कशी टिकली आणि आपण काय टिकवायचं

मुंब्रा, भिवंडी, कल्याण, राबोडी इथल्या अनेक घरांत कपाटावर एखादी जुनी ट्रंक असते. त्यात दादाजानना आलेली उर्दू पत्रं असतात. मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकली, त्यामुळे घरात ती वाचणारं आता कुणी नाही. साफसफाईत ती रद्दीत जातात. म्हणूनच एका कादंबरीकाराच्या पत्रांची हकीगत आम्ही इथे देत आहोत.

मुन्शी प्रेमचंद (१८८०–१९३६) यांनी लिहायला सुरुवात उर्दूतून केली, ती नवाबराय या नावाने. १९०८ चा त्यांचा कथासंग्रह 'सोज़-ए-वतन' इंग्रज सरकारने जप्त केला. मग नवं नाव घ्यावं लागलं. 'प्रेमचंद' हे नाव सुचवलं कानपूरच्या 'ज़माना' मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी. या दोघांमधला पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला आणि निगमसाहेबांनी आलेली पत्रं जपून ठेवली.

घरगुती की कामाची?

या पत्रांत दोन्ही एकत्र आहे. कथेचा मोबदला, छपाई, पुस्तकाची विक्री, आणि त्यातच तब्येत, नोकरी, घरची चिंता. लेखकाच्या पत्रांची अशी वाटणी करता येत नाही. पैशांची ओढाताण कळली नाही तर उर्दूचा हा लेखक हिंदीकडे का वळला हे कळत नाही. 'बाज़ार-ए-हुस्न' ही कादंबरी त्यांनी आधी उर्दूत लिहिली, पण छापून आली आधी हिंदीत, 'सेवासदन' या नावाने. उर्दू पुस्तक निघालं ते १९२४ मध्ये, लाहोरहून. उर्दूला प्रकाशक मिळणं किती अवघड होतं, हे यावरूनच दिसतं.

मुंबईचं वर्ष

'हंस' मासिक आणि 'जागरण' साप्ताहिक चालवताना कर्ज झालं, म्हणून १९३४ मध्ये प्रेमचंद मुंबईला आले. अजंता सिनेटोन या कंपनीशी वर्षाला आठ हजार रुपयांचा करार होता आणि राहायला दादर. गिरणी कामगारांवरची 'मज़दूर' ही फिल्म त्यांच्या कथेवर बनली, पण सेन्सॉरने अडवली. सिनेमाच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही. लेखकमित्र जैनेंद्रकुमार यांना लिहिलेल्या पत्रांत ही नाराजी मोकळेपणाने आली आहे. एप्रिल १९३५ मध्ये ते परत गेले. आपल्या लोकल लाइनवरच्या त्या मुक्कामात त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे आज कळतं ते पत्रांमुळे.

संग्रह कसा झाला

लक्षात घ्या, पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ते मिळणाऱ्याच्या घरी राहतं. त्यामुळे लेखकाचा पत्रसंग्रह दहा दारं ठोठावून गोळा करावा लागतो. ते काम मदन गोपाल यांनी अनेक वर्षं केलं. प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्यासोबत त्यांनी १९६२ मध्ये 'चिट्ठी-पत्री' काढली. उर्दू पत्रं त्यात देवनागरीत आली, म्हणून लिपी न येणाऱ्यांनाही वाचता आली. त्याच वर्षी अमृतराय यांचं 'क़लम का सिपाही' हे चरित्र आलं आणि त्याला या पत्रांचा मोठा आधार मिळाला. पुढे 'कुल्लियात-ए-प्रेमचंद'च्या २४ खंडांत पत्रांनाही जागा मिळाली. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात प्रेमचंदांच्या नावाने अभिलेखागार उभं आहे. मराठीत बघायचं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे.

आपल्या घरात काय करावं

- पत्र लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, गंजाचे डाग कागद खातात.
- पाकीट फेकू नका. पत्रावर तारीख नसेल तर टपालाच्या शिक्क्यावरून कळते.
- पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ओल धरते.
- दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुणी, कुणाला, कुठून लिहिलं, ते वेगळ्या कागदावर नोंदवा.
- मोहल्ल्यात उर्दू वाचणारे बुजुर्ग आहेत तोवर त्यांच्याकडून मजकूर वाचून घ्या आणि देवनागरीत उतरवा. हे काम सर्वांत आधी करा.
- छापण्याआधी विचारा. कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा असतो. घरातल्या खासगी गोष्टींचा पडदाही राखायला हवा.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पुस्तकं सांभाळायची रीत आपल्या भागात जुनी आहे. पत्रांची जबाबदारी मात्र अजून घरांवरच आहे. निगमसाहेबांनी ती पत्रं रद्दीत दिली असती, तर प्रेमचंद आपल्याला अर्धेच कळले असते. तुमच्या ट्रंकेत कुणाची पत्रं आहेत, ते या रविवारी एकदा उघडून बघा.