जुनं इंजिन आणि बाटलीतलं औषध

मंडळी, जुनं इंजिन धूर ओकू लागलं, ताकद कमी पडू लागली, की कोणीतरी सांगतंच, "अमुक बाटली ऑइलमध्ये ओता, आतून लख्ख होईल." ओतावी की न ओतावी? उत्तर देण्याआधी या औषधांचा इतिहास पाहू या. त्यात खरं औषध आहे, आणि नुसतं नावाचंही आहे.

1931 साली अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीने डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला. डिझेल स्वस्त, त्यामुळे शेतकऱ्याची सोय झाली. पण थोड्याच दिवसांत एक दुखणं निघालं. डिझेल जळताना काजळी धरते, आणि उष्णतेनं करपलेल्या वंगणाचा राळेसारखा थर बसतो. ही दोन्ही मिळून पिस्टनच्या खाचांत घट्ट होत आणि रिंगा जागच्या जागी चिकटून बसत. रिंग चिकटली की दाब निसटला, ताकद गेली, ऑइल जळू लागलं. ऐन हंगामात ट्रॅक्टर बांधावर उभा!

त्या काळचं ऑइल म्हणजे निव्वळ खनिज तेल. घर्षण कमी करणं त्याला ठाऊक होतं, पण मळ धरून ठेवण्याचा गुण त्यात नव्हता. तो गुण आणण्याची खटपट सुरू झाली, आणि 1935 साली कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने 'डेलो' नावाचं ऑइल काढलं. त्यात धातूपासून केलेला, तेलात विरघळणारा एक प्रकारचा साबण होता. या साबणाच्या कणाचं एक टोक काजळीला धरतं आणि दुसरं तेलात राहतं. मग काजळीचे कण ना एकमेकांना चिकटत, ना लोखंडाला. ते तेलात तरंगत राहतात आणि ऑइल बदललं की त्याच्याबरोबर बाहेर जातात.

गुरुजींनी हे वर्गात दाखवावं. दोन पेल्यांत पाणी घ्या, दोहोंत दिव्याची काजळी टाका, आणि एकात थोडं साबणाचं पाणी घालून दोन्ही ढवळा. साध्या पाण्यात काजळीचे पुंजके होतील, साबणाच्या पाण्यात ती सगळीकडे पसरून राहील. साबणाचं ऑइल लवकर काळं पडतं ते याचमुळे. लोक म्हणतात, "ऑइल भेसळीचं निघालं." पण धुण्याचं पाणी काळं झालं म्हणून आपण साबणाला बोल लावतो का?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने आपल्या वाहनांसाठी असल्या ऑइलची अट घातली, आणि पुढे ते घरच्या मोटारींतही आलं. इथंच एक नवी अडचण उभी राहिली. नव्या इंजिनाला पहिल्यापासून हे ऑइल मिळालं तर उत्तमच. पण ज्या इंजिनानं वर्षानुवर्षं साधं ऑइल खाल्लं, ज्याच्या चेंबरमध्ये बोटभर गाळ साचला, त्याचं काय? तो गाळ एकदम सुटला तर पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. ऑइल वर चढत नाही, बेअरिंगं कोरडी पडतात, आणि साफ करायला घेतलेलं इंजिन कायमचं बसतं. म्हणून जाणता मिस्त्री आधी चेंबर खोलून गाळ हातानं काढी, जाळी धुई, मग नवं ऑइल भरी आणि पहिल्या खेपेला ते लवकर बदली. हा सल्ला आजही खरा आहे.

आता नावाच्या औषधाची गोष्ट. अमेरिकेतच 'ए-डी-एक्स-टू' नावाची पावडर विकली जाई. मोटारीच्या जुन्या बॅटरीत घातली की बॅटरी पुन्हा जिवंत होते, असा दावा होता. सरकारी मानक संस्थेने कसोट्या घेतल्या, उपयोग काही दिसला नाही. ती पावडर म्हणजे मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट. विकणाऱ्याकडे मात्र खूश गिऱ्हाइकांची पत्रं होती! 1953 च्या मार्चमध्ये व्यापारखात्याचे मंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचा राजीनामा मागितला. शेकडो शास्त्रज्ञ नोकरी सोडायला निघाले, तेव्हा सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने निर्णय दिला की संस्थेचं काम चोख होतं, पावडरमध्ये काही दम नव्हता. ॲस्टिन पुढे 1969 पर्यंत संचालक राहिले.

मग ती पत्रं खोटी होती का? तसंही नव्हे. पाणी भरून सावकाश चार्ज केली की पुष्कळ बॅटऱ्या आपोआप सावरतात. श्रेय मात्र पावडर खाऊन जाते. एकीला औषध द्यावं, तशाच दुसरीला देऊ नये, आणि मग दोघींकडे बघावं, याचं नाव कसोटी.

तेव्हा मंडळी, बाटली हातात आली की तीन गोष्टी पाहा. आज चांगल्या कंपनीच्या इंजिन ऑइलमध्ये साबण मुळातच असतो. ते वेळेवर बदललं तर वेगळ्या बाटलीची गरज क्वचितच पडते. गाळ फार असेल, तर आधी चेंबर खोला. आणि रिंगा, बोअर झिजले असतील, तर ते मिस्त्रीचं काम आहे. झिजलेलं लोखंड कुठल्याही बाटलीनं भरून येत नाही.