जहाल आणि कडवे



माझं बालपण लखनौच्या सरोजिनी नगरात गेलं. कानपूर रोडवर तिथे स्कूटर्स इंडियाचा कारखाना होता. बाबा बुलढाणा जिल्ह्यातून त्या कारखान्यात नोकरीला आले होते. घरात मराठी बोलायचो, गल्लीत हिंदी.

१९९२ साली मी तेरा वर्षांचा होतो. भिंतींवर घोषणा, टेपवर भाषणं. मला त्यांचा अर्थ कळत नव्हता, असं म्हणणार नाही. कळत होता, आणि आवडतही होता. त्या डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही चार पोरांनी शेजारच्या मुसलमान चाचांच्या दारावर खडूनं घोषणा लिहिली. अक्षर माझं होतं. मला सायकल शिकवताना हेच चाचा मागून धावले होते.

सकाळी बाबांनी अक्षर ओळखलं. मारलं नाही, बादली आणि फडकं हातात दिलं. मी पुसत असताना चाचांनी दार उघडलं, पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतलं.

रात्री मी वाद घातला. "बाबा, तुम्हीच टिळकांचं कौतुक करता. तेही जहालच होते ना?"

बाबा म्हणाले, "अरे, जहाल माणूस सत्तेशी भांडतो. कडवा माणूस शेजाऱ्याशी."

पुढे इतिहास वाचताना हे वाक्य मी तपासून पाहिलं. डिसेंबर १९१६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन लखनौलाच भरलं होतं. तिथे काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला, आणि त्यामागे जहाल टिळक उभे होते. टिळकांच्या मिरवणुकीत एक तरुण त्यांच्या गाडीपुढे आडवा झाला. त्यांना घोडागाडीत बसवून, घोडे सोडून, ती गाडी आपणच ओढायची असा त्याचा हट्ट होता. तो शाहजहानपूरचा रामप्रसाद बिस्मिल.

बिस्मिल कट्टर आर्यसमाजी. त्याच गावचा अशफाकउल्ला खान मैत्री करायला आला, तेव्हा बिस्मिल यांनी आधी त्याला झिडकारलं. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं आहे. अशफाकनं पाठ सोडली नाही. त्याचे स्वतःचे लोक त्याला काफिर म्हणू लागले, तरी नाही. एकदा आजारपणात बेशुद्ध असताना तो 'राम, राम' म्हणू लागला. घरचे चक्रावले. तो मित्राला हाक मारतो आहे, हे एका जाणत्यानं ओळखलं आणि बिस्मिल यांना बोलावून आणलं.

काळ कोणता होता? उत्तर भारतात दंगे पेटले होते. सप्टेंबर १९२४ मध्ये गांधीजींनी त्यासाठी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास केला. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९२५ ला, या दोघांनी साथीदारांसह आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या काकोरीजवळ रेल्वेतला सरकारी खजिना लुटला. त्यात चुकून सुटलेल्या गोळीनं अहमद अली नावाचा एक साधा प्रवासी मेला. अभिमानानं काकोरी सांगताना हे नाव गाळू नये, असं मला वाटतं.

१९ डिसेंबर १९२७ ला बिस्मिल गोरखपूरला आणि अशफाक फैजाबादला फाशी गेले. आमच्या मरणाचं थोडंही दुःख वाटत असेल तर हिंदू-मुसलमानांनी एक व्हावं, हे बिस्मिल यांचं शेवटचं मागणं.

याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री आमच्या बुलढाण्याचे, चिखलीचे. पुढे ते लखनौलाच राहिले. "एकदा तुला त्यांच्याकडे नेतो," असं बाबा म्हणत राहिले. १९९६ मध्ये खत्री गेले. भेट राहूनच गेली.

आणि चाचा? त्यांनी बोलणं टाकलं नाही. ईदला शेवया येत राहिल्या, पण पूर्वीसारखी "आत ये" अशी हाक काही आली नाही. मी माफी मागितली ती सहा वर्षांनी. ते म्हणाले, "तू पुसत होतास, तेही मी पाहिलं होतं."

मित्रहो, सहिष्णुता काही मला उपजत मिळाली नाही. बिस्मिल यांनाही नव्हती. त्यांनी आपली चूक लिहून ठेवली, म्हणून मला माझी सांगायचा धीर झाला.