पोकळ पोटाचा बैल

परवा एक स्नेही घरी आले होते. चहा होईपर्यंत पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिले (पुस्तकांपेक्षा कपाटावर काय मांडलंय तेच आधी बघणारे काही लोक असतात, त्यांतले हे), आणि तिथला मातीचा बैल हातात घेऊन म्हणाले, "जपानी आहे का हो हा? राकू?"

"नाही," मी म्हटलं, "हिंगणीचा."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली असावी. पण त्यांचंही चुकलं नव्हतं. बैल वीतभरसुद्धा नाही. अंगावर बोटांचे ठसे तसेच ठेवलेले, डाव्या कुशीवर धुराचा काळा डाग, एक शिंग अर्धं तुटलेलं. पोटाखाली करंगळी जाईल एवढं भोक. हल्ली प्रदर्शनांतून 'राकू' म्हणून जे काळपट प्राणी मांडलेले असतात, त्यांच्यात हा सहज खपून जाईल. ते गेल्यावर मी बराच वेळ त्या बैलाकडे बघत बसलो. म्हटलं, याची गोष्ट एकदा लिहून टाकावी.

हिंगणी म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, सेलू तालुक्यातलं, बोरधरणाच्या वाटेवरचं गाव. आमच्याकडे पोळा किती मोठा सण, ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून पुरतं कळत नाही. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याला तोरणाखाली गावातल्या सगळ्या जोड्या उभ्या राहायच्या, झडत्या म्हटल्या जायच्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी ओढत घरोघर जायचं आणि बोजारा मागायचा. नागपूरला ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली सुरू केली असं सांगतात. आमच्याच तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर लांबलांबचे लोक बघायला येतात.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना बाबांनी जोडी विकली. कारणं नेहमीचीच. दोन वर्षं पीक हाती लागलं नव्हतं, त्यात घरात एक आजारपण. त्या वर्षी आवतण द्यायला गोठ्यात कुणी नव्हतं. पोळ्याच्या सकाळी कुंभारीण मावशी टोपलं घेऊन आली आणि आईनं तिच्याकडून मातीची जोडी घेतली, सुपातून ज्वारी दिली. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत त्यांनी मातीचे पूजायचे, ही रीत मला ठाऊक होती. पण ती आपल्या घराला लागू होईल असं कधी वाटलं नव्हतं. आईनं पाटावर जोडी मांडली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. बाबा त्या दिवशी जेवायला उशिरा आले.

पूजा झाली की ते बैल पाण्यात सोडायचे. मी त्यातला एक लपवला. खरी जोडी गेली, आता हीसुद्धा जायची, हे मला मान्य नव्हतं. भाजला की मडक्यासारखा पक्का होईल, एवढी अक्कल मला होती. पावसाळ्यात आवा लागत नाही, दिवाळीच्या पणत्यांसाठी लागतो. तोवर बैल धान्याच्या कोठीमागे ठेवला आणि आवा रचत होते त्या दिवशी कुणाचं लक्ष नाही असं बघून पणत्यांच्या मध्ये सरकवला.

आवा उघडला तेव्हा बैलाचे दहा-बारा तुकडे झाले होते. शेजारच्या पणत्याही फुटल्या होत्या. मला मार बसायला हवा होता. पण मावशी एवढंच म्हणाली, "काहून रडतं रे? तो पूजेसाठी केला होता, आव्यासाठी नाई. आव्यात जायचं तं पोट रिकामं लागते, बाप्पा."

मग तिनं मूठभर माती घेतली, अंगठा आत घालून घालून तिचं पोट पोकळ केलं, पाय लावले, वशिंड लावलं, खालून काडीनं भोक पाडलं. चाकाला हात लावला नाही. चाक पुरुषांचं, बायकांचं काम नुसत्या हातांचं, असा तिथला रिवाज. पुढच्या आव्यात तो बैल भाजून निघाला. कपाटावर आहे तो हाच.

यामागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. माती वरून वाळलेली दिसली तरी जाड गोळ्याच्या पोटात ओल उरते. आच लागली की तिची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की गोळा फुटतो. त्यात आमची काळी माती ओलीची फुगते, वाळली की आकसून तडकते. म्हणून तिच्यात राख, लीद, वाळू असं काहीबाही मिसळावं लागतं. मावशीनं दोन वाक्यांत सांगितलं ते एवढंच होतं.

जपानमध्ये हीच गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांना ठाऊक होती. तिसऱ्या ते सहाव्या शतकात तिथल्या सरदार-राजांच्या थडग्यांवर मातीचे भले मोठे ढिगारे रचत, आणि त्यांवर मातीच्या भाजलेल्या आकृती उभ्या करत. त्यांना हानिवा म्हणतात. सुरुवातीला नुसती नळकांडी, मग घरं, मग घोडे आणि माणसं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून केलेली, आतून पोकळ, अंगावर भोकं ठेवलेली. रंग आपल्या मडक्यासारखाच तांबूस. खोगीर चढवलेला हानिवा घोडा चित्रात पाहिला, तेव्हा पहिल्यांदा माझी नजर त्याच्या नळीसारख्या पायांवर गेली आणि मला मावशीचा अंगठा आठवला.

इ. स. ७२० मध्ये पुऱ्या झालेल्या 'निहोन शोकी' या जपानी बखरीत हानिवांची एक कथा आहे. राजघराण्यातलं कुणी वारलं की सेवकांना सोबत पुरत. नोमी नो सुकुने नावाच्या माणसानं राजाला सुचवलं, की जिवंत माणसांऐवजी मातीची माणसं आणि मातीचे घोडे ठेवू. आणि त्यानं इझुमो प्रांतातून शंभर कुंभार बोलावले. पुरातत्त्वज्ञ ही कथा खरी मानत नाहीत. नळकांडी आधीची, माणसं फार नंतरची, हा क्रमच कथेशी जुळत नाही. मला मात्र ती वाचताना घरचा पाट आठवला. जिवंताच्या जागी मातीचा उभा करायचा, ही कल्पना मी घरात पाहिलेली होती.

विदर्भातही थडग्यांत घोडे आहेत. फक्त ते मातीचे नाहीत. नागपूरजवळ माहुरझरीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिळावर्तुळं उकरली गेली, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या माणसांसोबत पुरलेले घोड्यांचे अवशेष मिळाले. त्यांच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले. म्हणजे आपल्याकडे धन्याबरोबर खरा घोडा गेला.

आणि मातीचा बैल? तोही जुना आहे, फार जुना. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे इसवी सनापूर्वी १३००च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. तिच्याबरोबर डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीवर भोक आहे, मूर्तीच्या पोटातही आहे. काडी खोचली की देवी बैलावर बसते. आणि हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं! एखाद्या विधीपुरतं करायचं आणि मग सोडून द्यायचं, म्हणून ते भाजलं नसावं असं अभ्यासक म्हणतात.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. 'तो पूजेसाठी केला होता, आव्यासाठी नाई.' तीन हजार वर्षांपूर्वी इनामगावात कुणीतरी हेच समजून माती मळली होती. तो बैल उरला तो जमिनीखाली झाकून पुरला म्हणून. त्याआधीचे आणि नंतरचे किती बैल पाण्यात विरघळले असतील! इतिहास लिहिला जातो तो भाजलेल्या मातीवरून. कच्ची माती नदीला परत जाते, आणि तिच्याबरोबर ती घडवणारे हातही.

आता राकूकडे येतो, कारण पाहुण्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

राकू म्हटलं की चहाचा वाडगा डोळ्यांपुढे येतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी क्योतोमध्ये सेन नो रिक्यू या चहागुरूसाठी चोजिरो नावाच्या कारागिरानं हे वाडगे केले. चाकाशिवाय, नुसत्या हातांनी. काळा वाडगा लालबुंद असतानाच चिमट्यानं भट्टीतून बाहेर काढतात. (धुराचा काळा डाग मात्र या परंपरेतला नाही. तापलेलं भांडं भुशात-पाचोळ्यात टाकून धुरकटवायची पद्धत अमेरिकेतल्या कुंभारांनी १९६०च्या आसपास रूढ केली. म्हणजे माझ्या बैलाच्या ज्या डागावरून पाहुण्यांनी त्याला जपानी ठरवलं, तो डाग जपानचा नाहीच. तो आमच्या आव्यातल्या धुराचा आहे.)

पण चोजिरोचं तारीख असलेलं सर्वांत जुनं काम वाडगा नाही. तो एक प्राणी आहे. सिंह! क्योतोच्या राकू संग्रहालयात तो आहे. शेपूट वर, डोकं खाली, अंगावर आयाळीच्या गुंडाळ्या. ज्या देशात सिंह कधी नव्हताच, तिथे बौद्ध धर्माबरोबर मजल दरमजल पोचलेला हा सिंह. त्याच्या पोटावर कोरलंय, की तेनशो २ च्या वसंतात, म्हणजे १५७४ मध्ये, आज्ञेवरून चोजिरोनं हा घडवला.

त्या एका ओळीतून पुढे घराणं झालं. नाव पिढीगणिक चालत आलं, आणि २०१९ मध्ये सोळाव्या पिढीनं ते घेतलं. साडेचारशे वर्षांत कुणी काय घडवलं, हे सांगता येतं.

याच्या अगदी उलट बोलणारा माणूसही जपानमध्येच झाला. यानागी सोएत्सु म्हणायचे, की खरी सुंदर वस्तू निनावी कारागिराच्या हातची, रोजच्या वापरातली. अशा वस्तूंसाठी त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९२५ मध्ये 'मिंगेई' हा शब्द घडवला आणि १९३६ मध्ये तोक्योला त्यांचं संग्रहालय उघडलं. गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले तेही १९३६ सालीच. हा निव्वळ योगायोग, पण दोन्हीकडे त्या वर्षी हाताच्या कामाची बाजू मांडली जात होती. गंमत अशी, की निनावीपणाचा गौरव करणाऱ्या या मंडळींचीच नावं जगभर झाली. त्यांतले कुंभार हामादा शोजी यांना १९५५ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून सरकारी मान मिळाला.

सेवाग्राम आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. तिथे शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांच्याकडे शिकून देवी प्रसाद १९४४ मध्ये आले आणि १९६२ पर्यंत राहिले. नई तालीमच्या मुलांना ते कला शिकवत, आणि स्वतः कुंभारकामही करत. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीच्या पहिल्या लोकांत त्यांचं नाव घेतात. मुलाच्या हातात माती देणं हेच शिक्षणाचं मूळ आहे, असं ते सांगत राहिले. ते २०११ मध्ये गेले. त्यांचं पुस्तक वाचताना मला वाटायचं, हिंगणीत माझ्या हाती माती देणारी बाई कुठल्याच तालमीत गेली नव्हती, पण धडा तोच.

आणि इथेच मी अडखळलो. देवी प्रसाद, हामादा, चोजिरो ही नावं मी सहज लिहून गेलो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या क्योतोतल्या कारागिराचं नाव मला ठाऊक आहे. माझा बैल ज्या बाईनं केला, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं! आम्ही तिला कुंभारीण मावशी म्हणायचो. मोठी माणसं तिच्या मुलाचं नाव घेऊन 'अमक्याची माय' म्हणायची. यानागींना हा निनावीपणा सुंदर वाटला असता. मला लाज वाटली. तिनं नाव सोडून दिलं नव्हतं, आम्ही ते कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या पोळ्याला हिंगणीला गेलो. बाजारात साच्यातून काढलेले प्लास्टरचे बैल होते, चकचकीत रंगांचे, सगळ्यांचा चेहरा एक. पाण्यात टाकले तर नीट विरघळतही नाहीत. म्हणजे धड पूजेचे नाहीत आणि धड आव्याचेही नाहीत. मावशीच्या घरी आवा लागत नाही, त्यालाही बरीच वर्षं झाली. मावशी कधीच गेली. मुलगा भेटला, माझ्याच वयाचा. चहा झाल्यावर मी त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं. तो जरा थांबला. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणाला. मग सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घरचं आहे. घरी आल्यावर बैल उलटा केला आणि पोटाखाली, भोकाच्या शेजारी, शिसपेन्सिलीनं लिहिलं. खाली गावाचं नाव. भाजलेल्या मातीवर कोरता येत नाही. कोरायचं ते माती ओली असतानाच.

पुढच्या वेळी ते स्नेही आले की बैल त्यांच्या हातात उलटा करून देईन. तुमच्याही घरात एखादी हातची वस्तू असेल, पणती, रांजण, काहीही... जमलं तर विचारून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर.