पाणी कोण फिरवते? सौर बंबाच्या पंपाची गोष्ट

महाडजवळ सव येथे सावित्रीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची एक ओळच सापडते. त्यांतले पाणी मूळचे पावसाचेच. ते खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते, हलके होते आणि मागून येणाऱ्या थंड, जड पाण्याच्या रेट्याने वर चढते. यात पंप कुठेही नाही.

घराच्या गच्चीवरचा साधा सौर बंब याच तत्त्वावर चालतो. काचेखालच्या काळ्या नळ्यांच्या पेटीला संग्राहक म्हणतात. त्यात तापलेले पाणी वरच्या टाकीत चढते आणि टाकीच्या तळाचे थंड पाणी संग्राहकात उतरते. या रेट्यात जोर किती असतो? ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ९९६ किलो, तर ६० अंशांच्या पाण्याचे सुमारे ९८३ किलो. म्हणजे एक मीटर उंचीच्या थंड आणि गरम स्तंभांतला फरक जेमतेम १२-१३ मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा! पण नळ्या रुंद आणि वळणे थोडी असली की तेवढा दाब पुरतो. शिवाय ऊन वाढले की फरक वाढतो, प्रवाहही वाढतो. ढग आला की तो आपोआप मंदावतो.

बंबाला पंप का लागला?

अमेरिकेत क्लेरन्स केम्प यांनी १८९१ मध्ये 'क्लायमॅक्स' नावाच्या सौर बंबाचे पेटंट घेतले. त्यात पाण्याची टाकीच काचेच्या पेटीत ठेवलेली असे. दिवसा तापलेले पाणी रात्री निवून जाई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी संग्राहक आणि टाकी वेगळी केली आणि टाकीला उष्णतारोधक आवरण घातले. पाणी सकाळपर्यंत गरम राहू लागले, म्हणून संचाचे नाव ठेवले 'डे अँड नाइट'. त्यातही पंप नव्हता. एक अट मात्र होती: टाकी संग्राहकाच्या वर हवी.

थंड देशांना ही अट जाचक होती. तिथे टाकी तळघरात ठेवायची, म्हणजे गरम पाणी छतावरून खाली आणायचे. हे काम निसर्ग करत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशांत सौर बंब वाढले, तेव्हा घरे तापवण्याच्या यंत्रणेतला छोटा पंप त्यांना जोडला गेला. हा पंप जर्मनीत विल्हेल्म ओपलेंडर यांनी १९२८ च्या सुमारास बनवला होता. त्याचे मूळ जर्मन नाव 'अभिसरणाला वेग देणारा' अशा अर्थाचे होते. आधीच फिरणाऱ्या पाण्याला हातभार लावणे, एवढेच त्याचे काम होते.

एकाच गतीची अडचण

सुरुवातीचे पंप एकाच गतीने चालत. संग्राहक टाकीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम झाला की नियंत्रक पंप सुरू करी. कोवळ्या उन्हात मात्र घोटाळा होई. पंपाने थंड पाणी भराभर ढकलले की संग्राहक निवे, पंप बंद पडे, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. शिवाय जोराच्या प्रवाहाने टाकी ढवळली जाई. वर ६० आणि खाली ३० अंश असे थर राहण्याऐवजी सगळी टाकी ४५ अंशांची होई. उष्णता तेवढीच, पण आंघोळीला कढत पाणी मिळत नसे.

१९७९ मध्ये नेदरलँड्समधील व्हान कोपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर राखणाऱ्या टाकीचे फायदे मांडले. पुढे प्रवाह कमी करण्याकडे कल वळला: प्रत्येक चौरस मीटर संग्राहकामागे ताशी ५० लिटरच्या जागी १०-१५ लिटर. मग उन्हाप्रमाणे गती बदलणारे पंप आले. बंद मंडलात गती निम्मी केली की प्रवाह साधारण निम्मा होतो, पण पाण्याला द्यावी लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते. म्हणजे बेलींच्या बंबात पाणी स्वतःहून जे करत होते, तेच करायला पंपाला शिकवावे लागले.

महाड-पोलादपुरात निवड कशी करावी?

पहिला प्रश्न 'कोणता पंप?' हा नव्हे. 'पंप हवा का?' हा आहे. घरगुती बंबाची टाकी संग्राहकापेक्षा फूटभर वर बसवता येत असेल, तर पंप नको. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडाले. अशा वेळी तळमजल्यावरचा पंप आणि वीज दोन्ही जातात. गच्चीवर स्वतःहून फिरणाऱ्या पाण्याला दोन्हींची गरज नसते.

वसतिगृहाचे छप्पर मोठ्या टाकीचे वजन पेलत नसेल, तर टाकी खाली येते आणि पंप आवश्यक ठरतो. तिथे एक चूक सर्रास होते: इमारत तीन मजली, म्हणून पाणी चढवण्याचा मोठा पंप घेतला जातो. पण मंडल पूर्ण भरलेले आणि बंद असेल तर चढणाऱ्या पाण्याचे वजन उतरणारे पाणी तोलून धरते. पंपाला फक्त नळ्यांतले घर्षण जिंकायचे असते. २० चौरस मीटर संग्राहकाला ताशी १५ लिटरच्या हिशेबाने ३०० लिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटर प्रवाह पुरतो. त्याला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लागत नाही, काही दहा वॅटचा पुरतो. पाणी वर नेऊन उघड्या टाकीत सोडायचे असेल, तर मात्र उंची मोजावीच लागते.

नियंत्रकाला दोन तापमाने कळली पाहिजेत: संग्राहकाच्या माथ्याचे आणि टाकीच्या तळाचे. नाहीतर रात्री किंवा पावसात पंप टाकीतली उष्णता वर नेऊन आकाशाला देऊन टाकील. पंप पुराच्या पातळीच्या वर बसवावा. तो सौर विद्युतपट्टीवर चालवला तर ऊनच त्याची गती ठरवते. सूर्याने पंप चालवणे महाराष्ट्राला नवे नाही. १८७८ च्या सुमारास मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स यांनी आरशांनी वाफ करून अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला होता.

पावसाळ्याचे चार महिने मात्र उत्तम पंपही काही करू शकत नाही. पंप उष्णता वाहून नेतो, निर्माण करत नाही. तेव्हा चूल किंवा विजेची जोड ठेवावीच लागते.

वर्गात हे दाखवायला दोन सारख्या बाटल्या पुरतात. दोन्ही काठोकाठ भरा, एकीत रंगीत गरम पाणी, दुसरीत साधे थंड. थंड बाटलीच्या तोंडावर पुठ्ठा धरून ती गरम बाटलीवर उलटी ठेवा आणि पुठ्ठा अलगद ओढून घ्या. रंग वर चढताना दिसेल. मग बाटल्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहा: गरम पाणी वरच राहील, रंग खाली उतरणार नाही. पंप नेमका कुठे लागतो, ते विद्यार्थी स्वतःच सांगतील.